मासिकातून टाइप केलेला कॉम्प्युटर

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)



आज विषय कॉम्प्युटरच्या इतिहासाचा आहे, पण कंपन्यांबद्दल मी जरा कमी बोलणार आहे. बोलणार आहे ते मासिकांबद्दल. कागदावर छापलेली, पोस्टाने येणारी मासिकं. तुम्ही म्हणाल, मासिकांचा काय संबंध? आधी एखादी गोष्ट घडते आणि मग मासिक तिची बातमी छापते, असाच आपला अनुभव असतो. पण साधारण १९७५ ते १९८५ या दहा वर्षांत, अमेरिकेत आणि पाठोपाठ इंग्लंडमध्ये, हा क्रम उलटा झाला होता. घरगुती कॉम्प्युटर तेव्हा अर्धवटच विकला जायचा. त्याचा उरलेला अर्धा भाग मासिकात छापून यायचा.

हा उरलेला अर्धा भाग म्हणजे नेमकं काय? गिऱ्हाईक मिळवणं, प्रोग्रॅम पुरवणं, सगळ्यांची यंत्रं एकमेकांशी जुळतील असं एक माप ठरवणं आणि शिकवणं. ही चार कामं मासिकांनी केली. ती करताना एक भांडणही उभं राहिलं, ते आजही मिटलेलं नाही. त्याकडे येऊच.

मुखपृष्ठावरचा रिकामा डबा

जानेवारी १९७५. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ नावाच्या हौशी लोकांच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर एक निळसर डबा होता. त्याच्या तोंडावर स्विचेसच्या रांगा आणि लाल दिवे. नाव ‘अल्टेअर ८८००’. न्यू मेक्सिकोमधल्या अल्बुकर्की गावातली ‘मिट्स’ नावाची छोटी कंपनी तो बनवत होती, आणि कंपनीचा मालक एड रॉबर्ट्स कर्जात बुडालेला होता. किंमत ३९७ डॉलर. आणि ती सुट्या भागांच्या किटची, म्हणजे जोडायचं, सोल्डर करायचं, सगळं तुम्हीच.

आता गंमत बघा. त्या डब्यात बसणाऱ्या इंटेलच्या ८०८० या एका चिपचीच बाजारातली किंमत ३६० डॉलर होती. रॉबर्ट्सनी घाऊक भावात ती ७५ डॉलरला मिळवली होती, म्हणून हे गणित बसलं. आणखी एक गोष्ट म्हणजे मुखपृष्ठावरचा डबा रिकामा होता. खरं तयार यंत्र न्यूयॉर्कला मासिकाच्या कचेरीकडे पाठवलं आणि ते वाटेतच गहाळ झालं. अंक तर छापायला जायचा होता. मग नुसता बाहेरचा सांगाडा उभा करून फोटो काढला. (हशा)

पण लोकांनी पैसे पाठवले. चेक पोस्टात टाकले आणि महिनोन् महिने वाट बघितली. काही शे यंत्रं खपतील असा मालकाचा हिशेब होता, मागणी हजारोंनी आली. हे लोक त्या कंपनीला ओळखत नव्हते. ते मासिकाला ओळखत होते. वर्षानुवर्षं त्यात छापलेल्या आकृत्यांवरून त्यांनी रेडिओ आणि अॅम्प्लिफायर बनवले होते आणि ते चालले होते. रॉबर्ट्सना ही पत उसनी मिळाली. मासिकाचं पहिलं काम हे, गिऱ्हाईक मिळवून देण्याचं.

यंत्र आलं, पण त्याला सांगायचं काय?

किट घरी आलं आणि तुम्ही ते जोडलंत. आता काय? त्याला कीबोर्ड नाही, पडदाही नाही. मेमरी २५६ बाइट. आजच्या युनिकोडमध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे त्या मेमरीत आपली जेमतेम ८५ चिन्हं मावतील. एखादं वाक्य, बस्स.

त्याला हुकूम द्यायचे ते समोरच्या स्विचेसनी. ‘बी या खणातला आकडा मिळव’ हा ८०८० चा हुकूम दोनच अंकांच्या भाषेत १००००००० असा लिहितात. म्हणजे एक स्विच वर, सात खाली, मग ‘डिपॉझिट’ नावाचा स्विच दाबायचा. झाला एक हुकूम. असे पन्नास-साठ द्यायचे, आणि वीज गेली की सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून सगळ्यांना हवी होती ‘बेसिक’ ही भाषा. ती १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी बनवली होती. ती अगदी सोपी आहे. ओळ १० मध्ये लिहायचं ‘प्रिंट नमस्कार’, ओळ २० मध्ये ‘गोटू १०’, म्हणजे दहाव्या ओळीवर परत जा. झाला प्रोग्रॅम. पण यंत्राला ही भाषा कळण्यासाठी मध्ये एक दुभाष्या प्रोग्रॅम लागतो. तो लिहिणार कोण?

एक उत्तर सगळ्यांना माहीत आहे. पॉल अॅलनला हार्वर्ड चौकातल्या पेपरच्या दुकानात तोच जानेवारीचा अंक दिसला. तो घेऊन तो मित्राकडे, बिल गेट्सकडे गेला. दोघांनी प्रत्यक्ष अल्टेअर न बघता, हार्वर्डच्या मोठ्या कॉम्प्युटरवर त्याची नक्कल उभी करून बेसिक लिहिलं. अॅलन अल्बुकर्कीला गेला, प्रोग्रॅम यंत्रात भरला, दोन अधिक दोन विचारलं, उत्तर आलं चार. मायक्रोसॉफ्टची सुरुवात ही.

दुसरं उत्तर फारसं सांगितलं जात नाही. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’ नावाचं एक वार्तापत्र १९७२ पासून निघत होतं. नावात कंपनी, पण धंदा नाही. बॉब अल्ब्रेख्त ते चालवायचे. त्यांच्या मनात होतं ते मुलांना आणि सामान्य माणसांना कॉम्प्युटर शिकवायचं. त्यांनी डेनिस अॅलिसन या स्टॅनफर्डच्या माणसाला म्हटलं, अगदी छोटं बेसिक करता येईल का? अॅलिसननी तयार प्रोग्रॅम दिला नाही. तो कसा बांधायचा याचा आराखडा दिला, आणि वार्तापत्राने तो १९७५ मध्ये क्रमशः छापला. नाव ‘टायनी बेसिक’. त्यात फक्त पूर्णांक होते आणि ए ते झेड अशी २६ चलं. दोन-तीन किलोबाइटमध्ये मावेल एवढाच पसारा.

आणि वाचकांनी तो बांधला! टेक्सासमधल्या टायलर गावच्या दोघा वाचकांनी, डिक व्हिपल आणि जॉन अर्नल्ड यांनी, आपला चालणारा प्रोग्रॅम लिहून पाठवला, आकड्यांच्या लांबच लांब रांगांच्या रूपात. तो छापायला जागा हवी, म्हणून झेरॉक्सचं एक छोटं चोपडं काढायचं ठरलं. तीन अंक काढू आणि थांबू, असा बेत होता. पण पत्रं इतकी आली की त्याचं मासिक झालं. जानेवारी १९७६ मध्ये सुरू झालेलं हे मासिक म्हणजे ‘डॉक्टर डॉब्ज जर्नल’. डेनिस आणि बॉब या दोन नावांचं कडबोळं म्हणजे ‘डॉब’. पूर्ण नावात व्यायाम आणि दातांची डॉक्टरीसुद्धा होती, कारण प्रोग्रॅम सडपातळ हवा आणि बाइट कमी हवेत! (हशा)

या मासिकात पूर्णच्या पूर्ण प्रोग्रॅम छापून यायचे. ऑगस्ट १९७६ मध्ये रॉय रँकिन आणि अॅपलचा स्टीव्ह वॉझ्नियॅक यांचा दशांश अपूर्णांकांची गणितं करणारा प्रोग्रॅम त्यात आला, आणि त्याच वर्षी पुढच्या एका अंकात त्यातल्या चुकांचं शुद्धिपत्रही आलं. हे शुद्धिपत्र लक्षात ठेवा. प्रोग्रॅम छापला की तो संपला, असं कोणी मानत नव्हतं.

चोरी की देवाणघेवाण?

आता भांडणाकडे येतो.

५ मार्च १९७५ ला मेन्लो पार्कमध्येच एका गॅरेजात तीसेक लोक जमले. हाच पुढचा ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’. हे लोक नकाशे, सुटे भाग, प्रोग्रॅम एकमेकांना द्यायचे. वॉझ्नियॅकने आपल्या पहिल्या कॉम्प्युटरचे नकाशे इथेच फुकट वाटले. याच लोकांच्या हाती मिट्सच्या एका प्रदर्शनातून बेसिकची, म्हणजे गेट्स-अॅलनच्या बेसिकची, कागदी टेप लागली. मग प्रती निघाल्या. नियम एकच होता, एक प्रत न्यायची आणि येताना दोन आणायच्या.

३ फेब्रुवारी १९७६ ला गेट्सनी ‘हौशी मंडळींना अनावृत पत्र’ लिहिलं. ते मिट्सच्या आणि क्लबच्या वार्तापत्रांत छापलं गेलं. मुद्दे असे. बेसिक बनवताना वापरलेल्या कॉम्प्युटरच्या वेळेची किंमतच चाळीस हजार डॉलरच्या वर आहे. अल्टेअर असलेल्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी ते विकत घेतलंय. मिळालेल्या पैशांचा हिशेब केला तर आमच्या कामाला ताशी दोन डॉलरसुद्धा पडत नाहीत. यंत्राचे पैसे देता, मग प्रोग्रॅम तेवढा वाटून घ्यायचा, ही चोरी आहे. फुकटात चांगलं काम कोण करणार?

मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते उद्दाम वाटलं होतं. आता तितकं वाटत नाही. ज्याने रात्री जागून काम केलंय त्याने मोबदला मागितला तर त्यात वावगं काय? पण दुसरी बाजूही बघा. ८ किलोबाइटचं ते बेसिक मिट्सच्या मेमरी बोर्डाबरोबर घेतलं तर ७५ डॉलर, आणि नुसतं घेतलं तर ५००. म्हणजे यंत्रापेक्षा भाषा महाग! शिवाय त्या बोर्डांबद्दल तक्रारी होत्या, लोकांना दुसरीकडचे बोर्ड हवे होते. पाचशे डॉलर देणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं.

उत्तर मासिकांतून आलं. नुसत्या वादाने आलं नाही, कामाने आलं. ‘डॉक्टर डॉब्ज’चा संपादक जिम वॉरन म्हणत होता, प्रोग्रॅम इतका स्वस्त असू दे की नक्कल करण्यापेक्षा विकत घेणं सोपं वाटेल, मग चोरी कोण करेल? आणि टॉम पिटमन या माणसाने तेच करून दाखवलं. त्याचं टायनी बेसिक होतं पाच डॉलरला. लोकांनी पाच डॉलर पाठवले. ली-चेन वँगने आपलं टायनी बेसिक १९७६ मध्ये छापायला दिलं तेव्हा ‘सर्व हक्क राखीव’ अशी ओळ असते ना, तिथे ‘कॉपीलेफ्ट, सर्व चुका राखीव’ अशा अर्थाची ओळ घातली. थट्टा होती ती. पण ‘कॉपीलेफ्ट’ हा शब्द पुढे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत गंभीर अर्थाने रुजला.

तेव्हा एका वर्षात, जवळजवळ एकाच परिसरातून तीन उत्तरं आली. विकत घ्या, फुकट वाटा, किंवा परवडेल इतकं स्वस्त ठेवा. आज तुमच्या फोनमध्ये या तिन्ही वाटांनी आलेले प्रोग्रॅम शेजारी शेजारी बसलेत.

कॅसेटवरची शिट्टी

तिसरं काम, माप ठरवण्याचं. वीज गेली की प्रोग्रॅम जातो, तर तो साठवायचा कुठे? घरात साधा टेपरेकॉर्डर असतो, त्याच्या कॅसेटवर. पण प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने आवाज भरू लागला तर माझी कॅसेट तुमच्याकडे चालणार नाही.

सप्टेंबर १९७५ मध्ये ‘बाइट’ हे मासिक निघालं होतं, न्यू हॅम्पशरमधल्या पीटरबरो या छोट्या गावातून. संपादक कार्ल हेल्मर्स. या मासिकाने नोव्हेंबरात कॅन्सस सिटीला बैठक बोलावली आणि माप ठरवलं. शून्यासाठी सेकंदाला १२०० कंपनांचा सूर, एकासाठी २४०० चा. सेकंदाला ३०० बिट. एका अक्षराला आगेमागे खुणा धरून ११ बिट लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण २७ अक्षरं. ४ किलोबाइटचा प्रोग्रॅम भरायला अडीच मिनिटं. या मापाला नाव पडलं ‘कॅन्सस सिटी स्टँडर्ड’. सरकार नाही, मोठी कंपनी नाही, एका मासिकाने बैठक घेऊन ठरवलेलं माप!

याच मापाने पुढे ‘इंटरफेस एज’ या मासिकाने मे १९७७ च्या अंकात एक पातळ, लवचीक ध्वनिमुद्रिका घालून दिली. रेकॉर्ड प्लेअरवर लावायची, किर्र-किर्र आवाज येतो, तोच बेसिकचा प्रोग्रॅम. गाण्याच्या तबकडीवरून कॉम्प्युटरमध्ये!

टाइप करा, चुका, शोधा

आता चौथं काम, आणि मला वाटतं सगळ्यात मोठं. शिकवण्याचं.

१९८० च्या आसपास कॉम्प्युटर स्वस्त झाले. इंग्लंडमध्ये सिंक्लेअरचा ‘झेडएक्स ८१’ १९८१ मध्ये सत्तर पौंडांच्या आत आला, जोडलेला, तयार. मेमरी १ किलोबाइट. त्यावर चालवायला प्रोग्रॅम हवेत, आणि शाळकरी मुलांकडे ते विकत घ्यायला पैसे नव्हते. मग मासिक घ्यायचं आणि त्यात छापलेला खेळ ओळीओळीने टाइप करायचा. ‘युअर कॉम्प्युटर’ या मासिकात १९८२-८३ च्या सुमाराला डेव्हिड हॉर्नने ६७२ बाइटमध्ये बसवलेला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम छापून आला. किल्लेकोट नव्हता त्यात, पण खेळ खेळायचा.

दोन-तीन तास टाइप केल्यावर ‘रन’ म्हणायचं, आणि बहुतेक वेळा तो चालायचा नाही. का? शून्याऐवजी ओ पडला, स्वल्पविराम राहिला, किंवा छापतानाच चूक झाली. मग शोधा. आणि शोधायचं तर प्रत्येक ओळ काय करते ते कळायला हवं. गुपचूप शिक्षण होत होतं ते इथे. खेळ चालला की पुढची पायरी अशी, आपल्याला तीन जीव दिलेत, तो तीनचा आकडा बदलून नऊ केला तर? पाककृती वाचून पदार्थ करताना आपण मीठ-तिखट आपल्या हाताने ठरवतो, तसंच हे. प्रोग्रॅम बदलता येतो, ही गोष्ट या मुलांना कोणी सांगावी लागली नाही.

चुकांवर मासिकांनी उपायही काढला. अमेरिकेतल्या ‘कॉम्प्यूट!’ने १९८३ मध्ये एक छोटा तपासनीस प्रोग्रॅम छापला. आपण शाळेत गणिताचा ताळा बघायचो ना, तोच प्रकार. समजा ओळीत ७, २, ९ हे आकडे आहेत. बेरीज १८. ती मासिकात ओळीशेजारी छापलेली. तुम्ही ७, ३, ९ टाइप केलंत तर पडद्यावर १९ येईल, चूक सापडली. पण २, ७, ९ असं उलटसुलट केलंत तर? बेरीज पुन्हा १८, ताळा जुळला आणि प्रोग्रॅम चुकला! म्हणून काही वर्षांनी सुधारलेला तपासनीस आला, तो जागेचाही विचार करायचा. पहिल्या आकड्याला एकने गुणा, दुसऱ्याला दोनने, तिसऱ्याला तीनने. ७, २, ९ चे होतात ३८. २, ७, ९ चे ४३. आता सापडलं. हे मी तत्त्व सोपं करून सांगतोय. पुस्तकाच्या मागे जो आयएसबीएन असतो, त्याचा शेवटचा अंकही अशाच जातीच्या हिशेबाने ठरतो.

मासिकं कुठे गेली?

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. प्रोग्रॅम मोठे झाले, फ्लॉपीवर विकले जाऊ लागले, छापून टाइप करण्याच्या पलीकडे गेले. मासिकं तेव्हा उलट जाड झाली, जाहिरातींनी. पण लेखांचा सूर बदलला. ‘हे कसं बनवायचं’च्या जागी ‘कोणतं विकत घ्यायचं’ आलं. ‘क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग’ १९८५ मध्ये बंद पडलं, ‘बाइट’ १९९८ मध्ये.

मला यात रडगाणं गायचं नाही. तयार यंत्र मिळालं म्हणून कॉम्प्युटर बँकेत, दवाखान्यात, आपल्या घरात आला. तीन तास टाइप करून न चालणारा प्रोग्रॅम प्रत्येकाने का सोसावा? शिवाय तो काळ सगळ्यांसाठी खुला नव्हताच. चारशे डॉलर छंदावर घालवू शकणारे, बहुतांशी पुरुष, अशांचं ते जग होतं.

तरी एक गोष्ट गेली, ती सांगतो. तेव्हा वाचक आणि बनवणारा यांच्यात फार तर एका अंकाचं अंतर होतं. टायलर गावचा वाचक पुढच्या अंकाचा लेखक व्हायचा. आज माझ्या फोनमध्ये काय चाललंय ते मला दिसत नाही, आणि बघावंसंही वाटत नाही, हे जास्त वाईट. यंत्र पूर्ण झालं आणि आपल्यासाठी त्यात करण्यासारखं काही उरलं नाही.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : सर, आपल्याकडे असं काही होतं का?*

उत्तर : होतं, पण थोडं वेगळं. दिल्लीहून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ १९६९ पासून निघतंय. त्यातल्या आकृत्या बघून मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग शोधत फिरणारे हौशी लोक भरपूर होते. पण कॉम्प्युटरवर आयातकर जबर होता, त्यामुळे घरात यंत्र असणं दुर्मीळ. १९८४ पासून ‘क्लास’ योजनेत काही शाळांत बीबीसी मायक्रो आले, आणि नंतर सिंक्लेअर स्पेक्ट्रम इथे परवान्याखाली बनू लागला. म्हणजे मासिक वाचणारा हौशी माणूस आपल्याकडे होता, त्याच्यासमोर यंत्र उशिरा आलं.

*प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. आज तिला हा अनुभव कसा द्यायचा?*

उत्तर : चांगला प्रश्न आहे ताई. तिला एखादा छोटा, कोणी दुसऱ्याने लिहिलेला खेळ द्या, ज्याचा प्रोग्रॅम उघडून वाचता येतो. आणि सांगा, यात एक गोष्ट बदलून दाखव. तो बिघडेल. बिघडू दे. तुम्ही लगेच मदतीला जाऊ नका.